पैलवानाचा पगार



गेले तीन शनिवार रिलीजच्या धामधुमीत गेले, त्यामुळे लिहिणं राहूनच गेलं. आज सवड आहे, आणि डोक्यात एकच विषय घोळतोय. कुस्ती. मी स्वतः आयुष्यात एकदाच लंगोट लावलाय, तोही चौथीत, रेवडीवरच्या कुस्तीत, आणि दहा सेकंदांत चितपट झालो होतो. त्यामुळे डावपेचांवर मी काही बोलणार नाही. मला बोलायचंय पैशांवर.

सुरुवात झाली आमच्या सोसायटीच्या गेटवर. रात्री उशिरा घरी येणाऱ्या आयटीवाल्यांची घरच्यांपेक्षा वॉचमनशीच जास्त ओळख असते. महिन्याभरापूर्वी नवीन वॉचमन आले. पन्नाशीचे, मान जाड, आणि दोन्ही कान भजीसारखे चुरगळलेले. असे कान फक्त तालमीत तयार होतात. मी सहज विचारलं, "मामा, तालमीत होता का?"

त्यांनी कानाला हात लावला नि हसले. "होतो की. कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

"कळंबजवळ."

"आरं तिच्या! मग आपल्याच जिल्ह्याचं पाव्हणं की. मी परांड्याकडचा."

त्या दिवसापासून 'साहेब' गेलं आणि 'पाव्हणं' आलं. मामांनी पंधरा वर्षं जत्रा गाजवल्या. सोलापूर, बार्शी, करमाळा, पार विजापूरपर्यंत. मग गुडघा गेला. शेती कोरडवाहू, ती भावांत वाटली गेलेली. काही वर्षं इकडे तिकडे, आणि शेवटी पुण्यात गेटवर. एका रात्री ते एक वाक्य बोलून गेले, ते माझ्या डोक्यातून जाईना. "पाव्हणं, आविष्यातला पयला पगार मी ह्या गेटवर घेतला. पंचेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या आधी नुसतं इनाम."

नेमका त्याच आठवड्यात गावाकडून काकांचा फोन. चुलत भाऊ दहावी झालाय, सोळा वर्षांचा, अंगाने दांडगा, तालुक्याला दोन-चार कुस्त्या मारल्यात. आता पुण्यातल्या तालमीत राहायचं म्हणतोय. काका म्हणाले, "तू शिकलेला, तूच सांग बाबा काय करायचं ते. आणि पाठवायचं म्हटलं तर खुराकाचं तुला बघावं लागंल." म्हणजे प्रश्न थेट माझ्या खिशात आला! मग नेहमीप्रमाणे आपण काय करतो? वाचायला बसतो. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते तुमच्यासमोर मांडतो.

आधी आमच्या जिल्ह्याबद्दल. कुस्ती म्हटलं की सगळ्यांना कोल्हापूर आठवतं, सांगली आठवते. धाराशिव कुणाला आठवत नाही. पण १९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला झाली होती, आणि तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं (लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला). ती गदा जिंकली हरिश्चंद्र बिराजदार यांनी. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आपलाच माणूस, आपल्याच जिल्ह्यात महाराष्ट्र केसरी! आमचे आजोबा ती स्पर्धा बघायला गेले होते आणि मरेपर्यंत सांगत होते. १९७० मध्ये एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बिराजदारांनी सुवर्णपदक आणलं, आणि १९७७ मध्ये बेळगावला दिल्लीच्या सतपालला हरवलं. त्या कुस्तीबद्दल जुनी माणसं अजून बोलतात.

त्यानंतर थेट नोव्हेंबर २०२३. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालेलं, आणि शहरात महाराष्ट्र केसरीचा आखाडा. शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली, वर चारचाकी गाडी मिळाली. गंमत अशी की त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला दुसऱ्या गटाची महाराष्ट्र केसरी झाली, आणि तिथे सिकंदर शेख विजेता ठरला. संघटनेत दोन गट, म्हणून एका महिन्यात दोन केसरी. असो, तो वेगळा विषय.

१९६९ आणि २०२३ यांना जोडणारा एक धागा आहे. बिराजदार पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली लातूर जिल्ह्यातले काका पवार घडले, आणि काका पवारांच्या तालमीत शिवराज राक्षे. म्हणजे विद्या नीट पुढच्या पिढीकडे गेली. डाव गेले, पेच गेले, शिस्त गेली. मग पैसा का नाही जात? गाजलेल्या पैलवानाचा म्हातारपणी हात का आखडतो? मोठमोठ्यांचंही असं झालंय, आणि त्याला कारण आहे.

कारण शोधायला कोल्हापूरला जावं लागतं. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, हे आपण शाळेत शिकलो. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. पण मैदान हा दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग असा, की तालमीतल्या पैलवानाच्या खुराकाची आणि राहण्याची सोय संस्थान बघायचं. मल्ल जिंको वा हरो, सकाळचं दूध-बदाम ठरलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तो पेरोलवर होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. राजधानी लांब हैदराबादला, आणि पैलवान पोसणारं संस्थान आमच्या पंचक्रोशीत नाही. म्हणून आमच्याकडची पोरं पत्र्याची पेटी घेऊन कोल्हापूरला जायची.

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा. १९४८ चं लंडन ऑलिंपिक आणि १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक. दोन्हीला एकच माणूस गेला. खाशाबा जाधव, गाव गोळेश्वर, कराडजवळ. लंडनला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला आणि खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. मग १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. लोकशाहीच्या दृष्टीने उत्तमच झालं, त्यात वाद नाही. पण १९५२ मध्ये त्याच माणसाला त्याच कामासाठी दारोदार फिरावं लागलं. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले. मधल्या चार वर्षांत खाशाबा काही कमी झाले नव्हते, उलट तयारी जास्तच होती. बदललं होतं ते फक्त पैसे देणारं खातं. जुनं बंद झालं होतं आणि नवं उघडलंच नव्हतं!

हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, लिएंडर पेसचं, म्हणजे ४४ वर्षं गेली. कुस्तीतलं पुढचं पदक तर थेट २००८ मध्ये सुशीलकुमारचं. खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १५१ बैलगाड्या! आणि त्यानंतर? त्यानंतर कुस्त्यांचं मैदान भरवून, त्यात लढून, त्यांनी खर्डेकरांचे पैसे फेडायला हातभार लावला, असं सांगतात. जरा विचार करा. ऑलिंपिक पदकविजेता परत येऊन पहिलं काम काय करतो, तर प्रवासाचं कर्ज फेडतो.

नोकरी मिळायला १९५५ उजाडलं. पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर. सत्तावीस वर्षं नोकरी केली, आणि असिस्टंट कमिशनरची बढती मिळाली ती अगदी निवृत्तीच्या तोंडावर. पेन्शनसाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशकाने. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती अकादमी करायची घोषणा २००९ मध्ये झाली होती. ती होत नाही म्हणून २०१७ मध्ये त्यांच्या मुलाला सांगावं लागलं, की मग आम्ही पदकाचा लिलाव करतो आणि त्या पैशातून अकादमी उभी करतो. हे वाचताना मला खरंच लाज वाटली.

हे फक्त आपल्याकडचं नाही. गामा पैलवान घ्या. १९१० मध्ये लंडन गाजवलेला, जगात ज्याच्या तोडीचा नव्हता असा माणूस. दतिया आणि पतियाळा संस्थानांनी त्याला पोसलं. फाळणीनंतर तो लाहोरला राहिला, संस्थानं गेली, आजारपण आलं आणि हाताशी पैसा नाही. शेवटी सीमेच्या अलीकडून उद्योगपती बिर्लांनी मदत पाठवली. १९६० मध्ये तो गेला. दारासिंगचं नाव तुम्ही घ्याल, पण दारासिंग सिनेमात गेला, हनुमान झाला, राज्यसभेत गेला. त्याचं म्हातारपण कुस्तीने सांभाळलं नाही.

राजा गेल्यावर पैलवान जगला तो जत्रांवर. आमच्याकडे येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्रातली यात्रा, परांड्याजवळ सोनारीचा भैरवनाथ, गावोगावचे उरूस. हलगी वाजते, फड भरतो. आधी पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग शंभर-पाचशे, आणि शेवटी मोठ्या जोडीची इनामी कुस्ती. इनाम गावाच्या वर्गणीतून येतं. वर्गणी शेतकऱ्याच्या खिशातून येते. आणि शेतकऱ्याचा खिसा पावसावर. म्हणजे आमच्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यात पैलवानाचं उत्पन्नही कोरडवाहूच! तेही वर्षातले काही महिने. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तो बरोबर चैत्राच्या तोंडावर. पुढच्या वर्षीही जत्रा बंद. मामा तेव्हा कुस्तीतून बाहेर पडले होते, पण त्यांचा पुतण्या खेळत होता. तो दोन सीझन ऊसतोडीला गेला आणि परत तालमीत आलाच नाही.

आता खर्चाची बाजू. मी एका रविवारी एक्सेल उघडून बसलो (सवय!). मामांना विचारून रोजचा खुराक लिहिला, आजच्या साधारण भावाने. तीन लिटर दूध १८० रुपये. शंभर ग्रॅम बदाम ९०. शंभर ग्रॅम तूप ७०. दहा अंडी ७०. दिवसाआड अर्धा किलो मटण, म्हणजे रोजचे सरासरी २००. फळं आणि बाकी थंडाईचं सामान ९०. बेरीज ७०० रुपये रोज. महिन्याला २१ हजार. वर्षाला अडीच लाख. मामा माझ्या लॅपटॉपकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, ह्यो तर मधल्या वजनाचा हिशेब झाला."

तुमच्या लक्षात येतंय का? खर्च दररोजचा, कमाई कधीतरी. घर नियमित पैसे घालतं, समाज अधूनमधून इनाम देतो. सोळाव्या वर्षी सुरू केलं आणि तिसाव्या वर्षी गुडघा गेला, तर मधली चौदा वर्षं पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, अनुभवाचं सर्टिफिकेट नाही. आपल्याला वर्षात फक्त एकदा, तेही जिंकलो तरच, बोनस मिळाला आणि पगार शून्य असता, तर किती जण टिकलो असतो? अप्रेझलमध्ये दोन टक्के कमी मिळाले तरी आपण रेझ्युमे अपडेट करायला घेतो.

इथे कुणी म्हणेल, पैलवानच उधळे असतात, आलेला पैसा फेट्यात आणि मित्रांत घालवतात. मीही हेच ऐकत मोठा झालो. काही जण असतीलही तसे. मामा स्वतः कबूल करतात, "एका वर्साला बुलेट घेतली हुती. इकली बी त्याच वर्साला." पण खाशाबा काही उधळे नव्हते, सत्तावीस वर्षं शिस्तीत नोकरी केलेला माणूस. ज्याच्या हातात पैसा एकरकमी येतो आणि पुढचा कधी येईल हे माहीत नसतं, त्याने बचत तरी कशी करायची? म्हणून मला वाटतं, दोष त्या हातापेक्षा पैसे येण्याच्या पद्धतीत जास्त आहे. आपण पैलवानाला मान एकरकमी देतो. पाच मिनिटं खांद्यावर घेतो, फेटा बांधतो, गदा देतो. गदा घरात भिंतीला लागते. ती किराणा दुकानात चालत नाही. २०२२ मध्ये साताऱ्याला महाराष्ट्र केसरी झालेल्या पृथ्वीराज पाटीलला तर गदेबरोबर रोख बक्षीसच मिळालं नव्हतं. बातम्या झाल्या तेव्हा मदतीचे हात पुढे आले.

काहीच बदललं नाही असं म्हणणं मात्र खोटं होईल. २००५ पासून राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे हे पोलीस उपअधीक्षक झाले. जिथे खाशाबांना सब-इन्स्पेक्टरपासून सुरुवात करावी लागली, तिथे ही मोठीच उडी आहे. जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत मानधनवाढ जाहीर केली. आंतरराष्ट्रीय मल्लांना महिन्याला ६ हजारांवरून २० हजार, हिंदकेसरींना ४ हजारांवरून १५ हजार, वयोवृद्ध मल्लांना अडीच हजारांवरून साडेसात हजार. मला यातला 'महिन्याला' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राजाने जे दिलं होतं आणि १९४९ नंतर जे हरवलं होतं, ते थोडंसं का होईना, परत आलं.

पण हे सगळं वरच्या पायरीवरच्यांसाठी. गदा जिंकणारा वर्षाला एक (गटबाजी असेल तर दोन). त्याच्याशी लढून, त्याचा सराव करून देऊन, त्याला मोठं करणारे शेकडो असतात. जत्रेतला फड त्यांच्यावर भरतो. मामा त्यांतले. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही, म्हणून त्यांना कुठलंच मानधन नाही.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. मी मामांनाच विचारलं, पाठवू का पोराला? वाटलं होतं की नको म्हणतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाठवा. पोरगं दारूला लागत न्हाई, तालमीत चार माणसांत ऱ्हातं. पर त्याला शाळा सोडू दिऊ नका. आमच्या वस्तादांनी आमाला समदं शिकवलं, अर्ज लिहायचा तेवढा न्हाई शिकवला."

मी काकांना फोन केला. सांगितलं की दर महिन्याच्या पाच तारखेला मी ठरलेली रक्कम पाठवीन. २१ हजार मला झेपणार नाहीत, आठ देईन, बाकी काका आणि आत्या मिळून बघतील. कुस्ती जिंकला म्हणून वाढणार नाहीत आणि हरला म्हणून थांबणार नाहीत. अटी दोनच. बारावी करायची, आणि पहिल्या महिन्यातच त्याचा अपघात नि आरोग्य विमा काढायचा. काका म्हणाले, "आणि गदा आणली तर?" म्हटलं, आणली तर मिरवणूक काढू, बैलगाडी मी सांगतो!

पोरगं किती वर्षं टिकेल, कुठवर जाईल, ठाऊक नाही. परवा पाच तारीख होती. ट्रान्सफर करताना ॲपमध्ये कारण लिहायची एक जागा असते. तिथे आधी 'खुराक' लिहिलं होतं. मग ते खोडून 'पगार' लिहिलं.

असो. आता खाली जाऊन मामांबरोबर चहा घेतो. पुढच्या शनिवारी भेटूच.